सुरजमलशेटची वानगी

सुरजमलशेट खोकू लागले, तेव्हा जालन्याच्या मस्तगडातल्या निम्म्या लोकांनी ते थंडीवर ढकललं आणि निम्म्यांनी क्षयावर. क्षयवाले जास्त बोलके होते.

पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. निजाम गेला होता, पण जालन्याच्या मोंढ्यातला कापसाचा सौदा रुमालाखाली होता तो रुमालाखालीच राहिला होता. आता कोणाला हे खोटं वाटेल, म्हणून सांगतो. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि खाली बोटं बोलायची. इतकी बोटं धरली की इतका भाव, अमुक पेर दाबलं की अजून थोडं वर चढा. तोंडानं मात्र दोघं एकमेकांच्या सुनांची चौकशी करायचे. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाच्या सुरकुत्यांकडे असा बघायचा, जसा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराकडे नवरा बघतो.

या कामात सुरजमलशेटचा हात धरणारा दुसरा नव्हता. म्हणजे धरणारे खूप होते, तेच तर काम. बुटके, गोल, डोक्यावर केशरी पगडी, नाकात तपकीर आणि खांद्यावर हिरव्या काठाचा रुमाल. समोरच्याच्या बोटावरून त्याच्या घरी लग्न निघालंय की भांडण, हे आपल्याला कळतं असं ते सांगायचे. हात मऊ राहावा म्हणून रोज तूप चोळतात अशी एक वदंता होती. ती मीच उठवली होती, पण पुढे ती त्यांनाही खरी वाटू लागली.

तर अशा माणसाला खोकला. दोन महिने झाले तरी हटेना. त्या काळी क्षय म्हटलं की लोक उंबऱ्याबाहेरून विचारपूस करायचे. त्यावरची इंजेक्शनं नुकतीच गावात आली होती, पण लोकांच्या डोक्यात अजून यायची होती. आणि ज्या माणसाचा हात हेच दुकान, त्याला क्षय आहे असं ठरलं तर त्याच्या रुमालाखाली कोण हात घालणार? मरण पुढचं पुढे, दुकान आधी बंद. शेटना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते मध चाटत होते आणि डॉक्टरच्या गल्लीतून जायचं टाळत होते.

शेवटी त्यांच्या मंडळी इचरजबाई यांनी त्यांना पाठवलं. बाई कायम हातभर घुंगट घेऊन असायच्या, पण त्या घुंगटातून येणारा हुकूम मोंढ्यापर्यंत ऐकू जायचा. डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले. नाव सांगत नाही, त्यांचे नातू अजून गावात आहेत आणि मला इंजेक्शन तेच देतात. त्यांनी शेटच्या छातीवर नळी फिरवली, हूं हूं केलं आणि एक झाकणाची डबी हातात दिली. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, छातीतून खोकून बेडका यात टाकायचा. डबी रेल्वेनं औरंगाबादला जाईल, तिथे दुर्बिणीखाली बघतील, आठवडा-दहा दिवसांत निकाल येईल.

त्या रात्री शेटच्या मागच्या पडवीत भुजंग मुक्कामाला होता. हा भुजंग म्हणजे भोकरदनच्या वाटेवरच्या एका गावचा शेतकरी, दाराएवढा रुंद. निजामाच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, तो आणि सुरजमल एका फळीवर बसलेले आणि एकाच मौलवीच्या छडीखाली वाढलेले. पुढे एक दलाल झाला आणि दुसरा त्याच्याकडे कापूस घालू लागला, तरी अरे-तुरे सुटलं नव्हतं. चारचौघांत भुजंग त्याला शेट म्हणायचा, तेही चिडवल्यासारखं.

सकाळ झाली. इचरजबाई सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, जैन स्थानकात गेल्या. शेट डबी घेऊन परसात बसले आणि काय सांगावं, खोकला गायब. दोन महिने ज्यानं गल्लीला झोपू दिलं नाही, तो डबी बघून असा दडून बसला जसा वसुलीवाल्याला बघून कूळ.

पुढचं सगळं मला भुजंगनं सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून.

"खोक ना," तो म्हणाला.

"खोकूनच राह्यलो. येत न्हाई."

"मिरची हुंगतो का?"

शेटनी मिरची हुंगली. शिंका आल्या, बेडका आला नाही. तेवढ्यात भुजंगनं बिडी पेटवली, पहिलाच झुरका घेतला आणि पोटापासून असा खोकला की परसातलं मांजर भिंतीवर चढलं. कोणाचं लक्ष गेलं नाही. शेटजी खोकले तर तो आजार, शेतकरी खोकला तर ती बिडी, असा तेव्हाचा हिशोब होता.

पण शेटचं लक्ष गेलं, ते वेगळ्या कारणानं. जन्मात त्यांनी वाईट वानगी पुढे केली नव्हती. मालाचा जो मूठभर नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचा ती वानगी, आणि तिच्यावरच भाव ठरायचा. डॉक्टर म्हणजे गिऱ्हाईक, डबी म्हणजे वानगी, निकाल म्हणजे भाव. एकदा भाव चांगला फुटला की मागचा माल मध चाटवून हळूहळू सुधारता येईल. बसल्या जागी हे सगळं त्यांच्या डोक्यात बराबर बसलं आणि त्यांनी डबी भुजंगपुढे धरली.

"तू टाक."

"मह्या थुंकीचं काय करतो?"

"वानगी."

या एका शब्दात भुजंगला सगळं समजलं. दर साली गाडीत वर पांढराशुभ्र कापूस पसरून खाली किडकी कवडी दडवणारा माणूस तो, त्याला काय समजावून सांगायचं? उलट, आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं छाती फुगवली आणि एका दमात डबीचं काम केलं. शेटनी डबी उजेडाकडे धरली, कापसाचा धागा बघतात तशी डोळा बारीक करून बघितली आणि माल चांगला आहे असा शेरा दिला.

डबी औरंगाबादला गेली आणि वाट बघणं सुरू झालं.

आता मित्रांचा आधार म्हणजे काय ते ऐका. मोंढ्याच्या कोपऱ्यावर कडूबाचं चहाचं हॉटेल होतं. त्यानं दर्ग्यातून उदी आणली आणि शेटना न सांगता रोज त्यांच्या चहात टाकू लागला. शेट म्हणायचे, कडूबानं चहापत्ती बदललेली दिसते, चवीला बरी आहे. इचरजबाईंनी आयंबिल धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही बिनतुपाचं, बिनमिठाचं. शिवाय त्यांनी स्थानकातल्या महाराजसाहेबांसमोर बाधा, म्हणजे शपथ, घेतली, की निकाल चांगला आला तर शेट जन्मभर तपकीर ओढणार नाहीत. बाधा बाईंची, तपकीर शेटची. आणि भुजंग तर राजूरच्या गणपतीला जाऊन नवस बोलला, की सुरजमल यातून सुटला तर तो जालन्यापासून राजूरपर्यंत अनवाणी येईल. सुरजमल, भुजंग नव्हे. परत आल्यावर ही खुशखबर त्यानं शेटना सांगितली, तेव्हा शेट आपल्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले.

मी काय केलं म्हणाल तर मी रोज ओट्यावर बसून सगळ्यांची खबर सगळ्यांना पोचवली. तेही कोणीतरी करावंच लागतं.

शेटच्या तपासणीची बातमी मोंढ्यात फिरायला वेळ लागला नाही. गिरणीचे खरेदीदार अजून रुमालाखाली हात घालत होते, पण तोंड शेजारच्या दुकानाकडे वळवून, आणि सौदा झाला की हौदावर जाऊन हात धुवायचे. शेट बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. एवढं होऊनही माणूस शांत. जेवण नीट, झोप नीट. स्थानकात बायका त्यांचा दाखला देऊ लागल्या, की याला म्हणतात समता, याला म्हणतात श्रद्धा. कडूबा मनात म्हणायचा, उदी लागू पडली. एकट्या इचरजबाईंना पटत नव्हतं. कापूस थोडा उतरला तर जो माणूस रात्रभर कूस बदलतो, त्याला एवढी श्रद्धा एका आठवड्यात कुठून आली?

पण श्रद्धा हळूहळू पातळ होत गेली. एका सकाळी शेट नवकार मंत्र म्हणताना मधेच थांबले. पुढचं पद आठवेना म्हणून नाही, तर डबी आठवली म्हणून. वानगीवर भाव ठरतो हे खरं, पण गाडी शेवटी रिकामी करावीच लागते, आणि खालचा माल काय आहे हे अजून कोणी बघितलंच नव्हतं. निकाल चांगला आला तरी आपल्याला काय कळणार? फार तर भुजंगची तब्येत. त्या दिवसापासून खोकला दुप्पट आला आणि झोप गेली. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली.

निकाल आल्याचा निरोप घेऊन डॉक्टरांचा कंपाउंडर आला, तेव्हा आम्ही वरातीसारखे निघालो. शेट पुढे, घुंगटात माळ ओढत इचरजबाई, हॉटेल भाच्यावर सोडून आलेला कडूबा आणि मी. भुजंग गावी होता, वेचणी चालू होती. शेट एकटे आत गेले. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर. दार लोटलेलं होतं, पण जुन्या लाकडाला फटी असतात आणि मी दाराशी बसलो होतो.

डॉक्टरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, शेटजी, हिंमत धरा, बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. आता औषध आहे, पूर्वीसारखं नाही, पण जल्दी सुरू करावं लागेल.

त्या वेळी काय झालं, ते शेटनी पुढे मला स्वतः सांगितलं. पहिल्या क्षणी त्यांना आनंद झाला. आपलं नव्हेच ते, आपण सुटलो, असं वाटून तोंड उजळलं. डॉक्टरांना वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं. आणि दुसऱ्या क्षणी शेट खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसले, कारण मग त्यांना समजलं की ते कोणाचं होतं.

"डॉक्टरसाब," ते म्हणाले, "वानगी माही न्हाई."

पुढची पाच-दहा मिनिटं डॉक्टर मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ओरडत होते. ओट्यावर कडूबा म्हणाला, रोग फार मोठा दिसतो. डॉक्टरांनी नवी डबी काढली आणि समोर उभं राहून शेटना खोकायला लावलं. आता खोकला असा आला की एका डबीत मावेना. मग डॉक्टर म्हणाले, त्या दुसऱ्या माणसाला उद्याच्या उद्या इथे हजर करा, कोणाच्या तरी हाती निरोप धाडा. शेट म्हणाले, निरोप नको, मीच जातो.

दुपारच्या भोकरदनच्या मोटारीनं निघालो, शेट आणि मी. वाटेत शेटनी एकदाच तपकिरीची डबी काढली, उघडली आणि तशीच खिशात ठेवली.

भुजंग अंगणात कापसाच्या ढिगाशी बसला होता. ऐन हंगामात शेट मोंढा सोडून आपल्या दारी आले म्हणजे निकाल चांगलाच, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. त्याची बायको सोनूबाई पाणी घेऊन आली. शेटनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि मिटलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, भुजंगचा हात ओढून घेतला आणि वर रुमाल टाकला.

भुजंगला हसू आवरेना. इतकी वर्षं सौद्याच्या वेळी तो बाहेर उभा होता. रुमालाखाली हात जायची ही पहिलीच वेळ.

"आज मलाच घेतलं का आत? बोल, काय भाव देतो?"

शेटची बोटं हलली नाहीत. त्या बोटांना भावाशिवाय दुसरं काही बोलताच येत नव्हतं. त्यांनी नुसता हात धरून ठेवला. भुजंगचं हसू हळूहळू उतरलं.

"बोटं काहून बोलंनात रे तुही?"

"भुजंग, डबीत रोग निघाला."

भुजंगनं दुसरा हातही रुमालाखाली घातला आणि शेटचा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांना धीर देऊ लागला. म्हणाला, घाबरायचं बिलकुल कारण न्हाई, मी हाय, गणपती हाय, औषधाचा खर्चा आपण काढू, लोक तोंड वळवतील तर मी रोज येऊन मोंढ्यात तुझ्या शेजारी बसतो, बघू कोण वळवतो ते. असा त्याचा धीर चालला होता आणि शेटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बघून तो अजून जोर करत होता. मी खाली मान घालून कापसातली काडी काढत बसलो.

सोनूबाई तांब्या हातात घेऊन उभी होती. डबीची फुशारकी भुजंगनं घरी येऊन तिच्यापुढे केलीच होती.

"आवं," ती म्हणाली, "डबीत थुकलं कोण होतं?"

भुजंग बोलता बोलता थांबला. मग त्यानं सावकाश हात मागे घ्यायला सुरुवात केली.

"सोड. तुला लागंल."

शेटनी सोडला नाही. "बस. सौदा व्हायचा हाय अजून."

"कसला सौदा?"

"उद्या जालन्याला यायचं. मह्या पडवीत ऱ्हायचं. सुई घ्यायची."

"वेचणी झाल्यावर येतो."

"उद्या."

"संक्रांत होऊ दे."

"उद्या."

शेटनी पेर दाबलं असावं, कारण भुजंग कळवळला. त्यानं सोनूबाईकडे बघितलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्याचं धोतर घडी करायला आत गेली. तेव्हा सौदा ठरला.

शेटचा स्वतःचा निकाल पुढच्या आठवड्यात आला. काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जिनिंगमधल्या कापसाची धूळ आणि तपकीर, दोन्ही छातीत साठलं आहे. धूळ सुटण्यासारखी नव्हती. तपकीर बाईंच्या बाधेत गेली. तिची डबी त्यांनी बरीच वर्षं खिशात ठेवली होती, रिकामी. सवयीनं उघडायचे, हुंगायचे आणि शिंक आल्याचं सोंग करायचे.

भुजंग मात्र पडवीत मुक्कामाला पडला तो शिमगा होऊन गेला तरी. त्याची भांडी वेगळी, इचरजबाई स्वतः उकळायच्या. परपुरुषाशी न बोलणाऱ्या बाई, त्या भिंतीकडे तोंड करून त्याला रागवायच्या. बिडीची बाधाही त्यांनीच परस्पर घेऊन टाकली. कांदा नाही, लसूण नाही, सूर्य बुडाला की जेवण नाही. भुजंग म्हणायचा, सुईनं न्हाई, हे असलं अळणी खाऊन जंतूच कंटाळून चालले. कडूबानं उदी शेटच्या चहातून काढून भुजंगच्या चहात टाकायला सुरुवात केली. भुजंगला पहिल्या घोटातच कळलं आणि त्यानं चहात राख पडल्याची बोंब केली, तेव्हा कुठे शेटना आपल्या चहापत्तीचं गुपित समजलं.

मोंढ्यात महिनाभर लोकांनी शेटचा रुमाल टाळला. क्षयवाला घरात ठेवणाऱ्याच्या हाताला कोण हात लावणार? शेट रोज जायचे, रुमाल मांडीवर पसरून बसायचे आणि रिकामेच परत यायचे. मग एकदा कापूस एकदम चढला, खरेदीदारांना घाई सुटली आणि कोणाला क्षयाची आठवण राहिली नाही. भाव चांगला असला की जंतू दिसत नाहीत.

राहता राहिला नवस. तो फेडायचा की नाही यावर वर्षभर वाद चालला. शेटचं म्हणणं, नवसाच्या वेळी डबीतला माल भुजंगचा होता आणि तो वाईट निघाला, तेव्हा नवस रद्द. भुजंगचं म्हणणं, मी माणसाचं नाव घेतलं होतं, डबीचं न्हाई, आणि माणूस सुटला. मला पंच केलं. मी निकाल भुजंगच्या बाजूनं दिला, कारण शेटना अनवाणी बघायची मला फार इच्छा होती.

पुढच्या साली डॉक्टरांनी भुजंगला राजूरला जायची सूट दिली, पण चालायचं नाही या अटीवर. त्यानंतरच्या चतुर्थीला आम्ही निघालो. भुजंग बैलगाडीत, खाली गादी, पाठीला लोड, हातात भुईमुगाच्या शेंगा. मी त्याच्या शेजारी, कारण माझ्या नावानं कोणी नवस बोललं नव्हतं. सोनूबाई आणि घुंगटात इचरजबाई मागे. आणि गाडीच्या चाकाशी केशरी पगडी घातलेले सुरजमलशेट, अनवाणी, खडी बघून बघून पाय टाकणारे. भुजंग वरून सांगत होता, शेट, डावीकडून चाल, तिकडं माती मऊ हाय. शेट त्याला मदरशात शिकलेल्या उर्दू शिव्या देत होते.

निम्मी वाट झाली आणि भुजंग खोकला. एकदाच, पण पोटापासून. बैल न सांगता थांबले असं मला वाटलं. गाडीवाल्यानं थांबवले असणार. मागे इचरजबाईंच्या हातातली माळ थांबली. शेट गाडीच्या कडेला आले आणि टाचा उंचावून वर बघू लागले. भुजंगनं घसा साफ केला, गालात जीभ फिरवली आणि तोंडातून भुईमुगाचं फोलपट काढून सगळ्यांना दाखवलं.

"वानगी," तो म्हणाला.

शेट हसले नाहीत. त्यांनी हात वर करून भुजंगचं मनगट धरलं, आणि ऊन लागतं म्हणून वर रुमाल टाकला. गाडी पुन्हा चालू लागली. राजूरचं देऊळ दिसेपर्यंत तो हात तिथेच होता. रुमालाखाली काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, आणि मी शेजारीच बसलो होतो.